ऑस्टिओपॅथी : उपचार हातांचा, प्रश्न पात्रतेचा

पाठदुखीने वा मानदुखीने त्रासलेल्या रुग्णाच्या कानावर अलीकडे ‘ऑस्टिओपॅथी’ हा शब्द वारंवार पडू लागला आहे. गावोगावच्या हाडवैद्यांची परंपरा आणि किनारपट्टीवरील विदेशी धर्तीची आरोग्यकेंद्रे गोव्यात शेजारी शेजारी नांदतात. अशा ठिकाणी या शब्दाचा नेमका अर्थ जाणून घेणे रुग्णाच्या हिताचे आहे.

नावावरून ही हाडांच्या आजारांची शाखा वाटते. प्रत्यक्षात ती तशी नाही. अमेरिकेतील डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ही विचारसरणी मांडली. त्याआधी दहा वर्षे, १८६४ मध्ये, मज्जारज्जूच्या आवरणदाहाने त्यांची तीन मुले दगावली होती. पारायुक्त औषधांवर आणि रक्त काढण्यावर भिस्त ठेवणाऱ्या तत्कालीन वैद्यकावरील त्यांचा विश्वास उडाला. शरीराची रचना आणि त्याचे कार्य परस्परांवर अवलंबून असतात, सांधे व स्नायूंतील अडथळे हातांनी दूर केल्यास शरीर स्वतःच सावरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे त्यांनी पहिले महाविद्यालय काढले.

पुढे या विचाराला दोन फाटे फुटले. अमेरिकेत ‘डीओ’ पदवीधर हा पूर्ण डॉक्टर असतो. तो औषधे लिहितो, शस्त्रक्रियाही करतो. अशा डॉक्टरांची संख्या तेथे एक लाखाहून अधिक आहे. ब्रिटनमधील ऑस्टिओपॅथ मात्र प्रामुख्याने हातांनी उपचार करतो. १९९३ च्या कायद्यानुसार त्याला नियामक परिषदेकडे नोंदणी करावीच लागते. नोंदणीविना ‘ऑस्टिओपॅथ’ म्हणवून घेणे हा तेथे गुन्हा आहे. शब्द एक, पण पात्रता दोन, हे रुग्णाने ध्यानात ठेवले पाहिजे.

उपचारापूर्वी रुग्णाची पूर्वपीठिका, बसण्या-चालण्याची ढब आणि सांध्यांची हालचाल तपासली जाते. त्यानंतर स्नायूंना दाब व ताण देणे, सांधे हळुवार हलवणे, क्वचित झटका देऊन मोकळे करणे या क्रिया होतात. कंबरदुखीत त्यांचा काही प्रमाणात लाभ होतो, असे अभ्यास सांगतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा हस्तोपचारांना मान्यता दिली, पण व्यायामाची जोड असेल तरच. म्हणजे केवळ पालथे पडून उपचार घेणे पुरेसे नाही. रुग्णाला स्वतः हालचाल करावी लागते. तान्ह्या बाळांचे पोटदुखीचे रडणे, दमा यांसारख्या विकारांबाबतच्या दाव्यांना मात्र भक्कम पुरावा नाही. कवटीवर हलका दाब देऊन आजार बरे करण्याच्या पद्धतीचेही तसेच.

धोक्याची बाजूही आहे. मानेला दिलेल्या झटक्याने रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे विरळ असली तरी नोंदलेली आहेत. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांनी विशेष जपावे. कंबरदुखीसोबत ताप येणे, वजन घटणे, पायांतील शक्ती जाणे, जांघेत बधिरता येणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे यांपैकी काहीही आढळल्यास थेट रुग्णालय गाठावे. तेथे दवडलेला एक दिवसही आयुष्यभराचे अपंगत्व देऊ शकतो.

भारतात फिजिओथेरपी २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या कक्षेत आली आहे. ब्रिटनसारखा खास ऑस्टिओपॅथीसाठीचा स्वतंत्र कायदा मात्र येथे नाही. त्यामुळे पारखण्याचा भार शेवटी रुग्णावरच येतो. पदवी कोणती, ती किती वर्षांची, नोंदणी कोठे, किती बैठकांत फरक दिसेल आणि न दिसल्यास पुढे काय, हे प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. प्रामाणिक उपचारक त्यांची उत्तरे देतो आणि आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण वेळीच डॉक्टरकडे पाठवतो. चालू औषधे बंद करायला सांगणाऱ्यापासून मात्र दूर राहिलेलेच बरे.