गोल मोजावेत, पण कोणते?

हॉकी म्हटले की आपल्याला आठवतात ध्यानचंद, हिरवे मैदान आणि काठीला जणू चिकटूनच धावणारा तो पांढरा चेंडू. कॅनडातल्या पोराला मात्र हॉकी म्हटले की बर्फ आठवतो. तिकडे मैदान बर्फाचे, पायांत पोलादी पात्यांचे स्केट्स, आणि चेंडूच्या जागी रबराची काळी चकती. प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून सहा गडी, वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, आणि वेग असा की नजर जरा हलली तर गोल हुकलाच म्हणून समजावे. चकल्या-करंज्या खाता खाता वाचकांनी थोडा वेळ या थंडीत यावे, असे आमचे आमंत्रण आहे. निमित्त मोठे आहे. माणूसही मोठा आहे.

त्याचे नाव मोरीस रिशार. माँट्रियल शहरात ४ ऑगस्ट १९२१ रोजी तो जन्मला. बाप रेल्वेच्या कारखान्यात कामाला, घरात आठ भावंडे, त्यांत हा थोरला. स्वतःही कारखान्यात यंत्रावर काम करीत तो हॉकी खेळू लागला. १९४२ मध्ये माँट्रियलच्या ‘कॅनेडियन्स’ संघाने त्याला घेतले, आणि सोळाच सामने खेळून त्याचा घोटा मोडला. त्याआधी दुसरा घोटा आणि मनगटही मोडून झाले होते. ‘हा पोरगा काचेचा आहे,’ अशी कुजबूज झाली. मोडलेल्या हाडांमुळे युद्धकाळात सैन्यानेही त्याला नाकारले. अशा माणसाला पुढे साऱ्या कॅनडाने ‘रॉकेट’ म्हणावे, ही दैवाची मोठी थट्टाच म्हणायची!

रॉकेट खेळे उजव्या बगलेवर. गंमत अशी की त्याची काठी धरण्याची ढब डावखुऱ्याची. उजवीकडून धावताना त्याच्या काठीचे पाते आतल्या बाजूस, म्हणजे गोलाच्या बाजूस राही, आणि नेम धरायला जास्त मोकळा कोन मिळे. प्रतिस्पर्ध्यांच्या हद्दीची निळी रेषा ओलांडली की हा माणूस बदले. पाठीवर एखादा बचावपटू लोंबकळत असला तरी त्याच्यासकट तो गोलावर चालून जाई. त्याच्या डोळ्यांत त्या वेळी जे दिसे, त्याची आठवण गोलरक्षकांनी म्हातारपणापर्यंत काढली.

आता हिशेबाकडे वळू. १९४४-४५ च्या मोसमात पन्नास सामन्यांत त्याने पन्नास गोल केले. पन्नासावा गोल झाला १८ मार्च १९४५ रोजी, बोस्टनमध्ये, मोसमाच्या अगदी शेवटच्या सामन्यात. त्यापूर्वीचा उच्चांक होता ४४ गोलांचा, तोही १९१७-१८ सालचा. रिशारची ही बरोबरी पुढे थेट १९८०-८१ मध्ये माइक बॉसीने केली. एकूण कारकीर्द अठरा मोसमांची, ९७८ सामने, ५४४ गोल. अजिंक्यपदाचा स्टॅन्ली कप आठ वेळा.

संशय घेणारे म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, की ते पन्नास गोल युद्धकाळातले. चांगले चांगले खेळाडू सैन्यात गेलेले, गोलरक्षक दुय्यम. त्यात तथ्य आहे. युद्ध संपून मंडळी परत आली आणि १९४५-४६ मध्ये रिशारचे गोल २७ वर उतरले. टीकाकारांना याहून दुसरा पुरावा कशाला हवा?

पण पुढचे पान उलटावे. १९४६-४७ मध्ये सगळे मातब्बर मैदानात असताना त्याने साठ सामन्यांत ४५ गोल केले. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावरच्या खेळाडूचे गोल होते तीस! मोसमात सर्वांत जास्त गोल करण्याचा मान त्याने पाच वेळा मिळवला, त्यांतले चार वेळा युद्धानंतर. तेव्हा युद्धाचा वाटा वजा करायचा तर खुशाल करावा. बाकी राहते ती रक्कमही भल्याभल्यांना पेलणारी नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. समकालीन गॉर्डी हाऊ, तोही उजव्या बगलेचाच. गोल करी, गोल करवी, बचावालाही धावे. १९६३ मध्ये त्याने रिशारचा उच्चांक मागे टाकला आणि पुढे त्याच लीगमध्ये ८०१ गोलांपर्यंत मजल मारली. गोल आणि साहाय्य मिळून होणाऱ्या गुणांत रिशार एकदाही पहिला आला नाही. सर्वांगीण खेळाडू कोण, असा प्रश्न असेल तर उत्तर हाऊ. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मग रिशारचे काय उरते? उरते ते गोलांचे वेळापत्रक. गोल किती केले यापेक्षा केव्हा केले, हे पाहावे. अजिंक्यपदाच्या बाद फेऱ्यांत त्याने १३३ सामन्यांत ८२ गोल केले, आणि बरोबरी झाल्यावर जादा वेळेत सामना संपवणारे गोल सहा. लोकांचे पाय कापू लागतात तेव्हा याचे पाय धावू लागत. ८ एप्रिल १९५२ ची गोष्ट घ्या. बोस्टनविरुद्ध निर्णायक सातवा सामना. टक्कर होऊन रिशार बेशुद्ध पडला, त्याला बाहेर नेऊन टाके घातले. तो परतला तेव्हा सामना एक-एक असा अडलेला. शेवटची काही मिनिटे उरली असताना, डोके सुन्न, कपाळाला पट्टी, अशा अवस्थेत त्याने बचावफळी भेदून गोल केला. सामन्यानंतर बोस्टनचा गोलरक्षक जिम हेन्री किंचित वाकून त्याचा हात हातात घेतो आहे, असे छायाचित्र प्रसिद्ध आहे. आजचा डॉक्टर अशा माणसाला पुन्हा बर्फावर पाऊल ठेवू देणार नाही, आणि तेच योग्य. पण त्या काळी शौर्याची व्याख्या अशीच होती.

रागाची बाजूही झाकून चालणार नाही. १३ मार्च १९५५ रोजी बोस्टनमध्ये मारामारी झाली. डोक्यातून रक्त वाहत असलेल्या रिशारने प्रतिस्पर्ध्याला काठीने मारले आणि आवरायला आलेल्या लाइन्समनलाही ठोसा लगावला. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी उरलेला मोसम आणि अजिंक्यपदाच्या फेऱ्या, सगळ्याला बंदी घातली. पंचावर हात टाकणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, हे आम्हांला मान्य आहे.

माँट्रियलला ते मान्य झाले नाही. त्याचे कारण बर्फाबाहेरचे होते. शहरात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, पण कारखान्यांचे मालक आणि पेढ्यांचे साहेब बहुधा इंग्रजी बोलणारे. ज्याला साहेबासमोर रोज मान खाली घालावी लागे, त्याला शनिवारी रात्री रिशारच्या रूपाने मान वर करता येई. आणि त्याला बंदी घालणारा अध्यक्ष इंग्रजी बोलणारा! १७ मार्चच्या सामन्याला कॅम्पबेल स्वतः येऊन बसले. त्यांच्यावर अंडी-टोमॅटोंचा मारा झाला, प्रेक्षागृहात अश्रुधूर फुटला, सामना डेट्रॉइटला बहाल झाला, आणि सेंट कॅथरीन रस्त्यावर रात्रभर काचा फुटत राहिल्या. दुसऱ्या दिवशी रिशारने आकाशवाणीवरून, फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीतही, लोकांना शांत राहण्याची विनंती केली. शिक्षा मी भोगीन आणि पुढल्या वर्षी परत येऊन कप जिंकून देईन, असा त्या निवेदनाचा आशय. शहर शांत झाले.

आमच्या मते रिशारची थोरवी तोलायची तर हा क्षण तराजूत घालावा. ज्याच्या रागातून आग पेटली, त्याच्याच शब्दाने ती विझली. शब्द पाळलाही गेला. १९५६ पासून १९६० पर्यंत कॅनेडियन्सने ओळीने पाच वेळा कप जिंकला, त्यांतले शेवटचे चार रिशारच्या नेतृत्वाखाली. हा पराक्रम त्यानंतर कोणत्याच संघाला साधलेला नाही. तो निवृत्त झाला १९६० साली. त्याच साली क्वेबेक प्रांतात सत्तापालट होऊन ज्याला ‘शांत क्रांती’ म्हणतात ते पर्व सुरू झाले. त्या दंगलीत पुष्कळांना या क्रांतीची चाहूल दिसते. रिशार स्वतः मात्र पुढारीपणाची झूल कधीच अंगावर घेईना. मी आपला हॉकी खेळणारा, एवढेच त्याचे म्हणणे.

२७ मे २००० रोजी तो वारला. क्वेबेक सरकारने त्याला राजकीय इतमामाने निरोप दिला. त्याच्या आवडत्या फोरम प्रेक्षागृहाला १९९६ मध्ये निरोप दिला गेला, तेव्हा नुसते त्याचे नाव पुकारताच लोक उभे राहिले आणि टाळ्या थांबेचनात. त्या म्हाताऱ्या रॉकेटच्या डोळ्यांत पाणी आले. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्याचा खेळ कधीच न पाहिलेली तरुण मुलेही कमी नव्हती.

गोलांचे उच्चांक शेवटी मोडण्यासाठीच असतात. हाऊनंतर ग्रेट्झ्की ८९४ वर पोचला, आणि ६ एप्रिल २०२५ रोजी अलेक्झांडर ओव्हेच्किनने ८९५ वा गोल करून त्यालाही मागे टाकले. रिशारचे ५४४ आता यादीत बरेच खाली गेले आहेत. पण मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला १९९९ पासून जे पारितोषिक दिले जाते, त्याचे नाव मोरीस रिशार पारितोषिक. ओव्हेच्किनने ते नऊ वेळा घेतले आहे. यादीत सर्वांच्या वर चढलेल्या त्या वीराने नऊ वेळा हातात घेतले ते रॉकेटचेच नाव. आमच्या हिशेबी ही शिल्लक पुरेशी आहे.