नियम माशाला, माणसाला नको

कॅलिफोर्नियाच्या मत्स्यकायद्यात एक लहानशी सवलत आहे. सोळा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या माणसाला तिथे मासे धरायचे तर परवाना काढावा लागतो. राज्यातल्या रहिवाशाला तो वर्षाला ६० डॉलरांहून जास्त पडतो. मात्र समुद्रातल्या सार्वजनिक धक्क्यावरून गळ टाकणाऱ्याला परवाना लागत नाही. तोच माणूस तीच काठी घेऊन पायऱ्या उतरला आणि खालच्या वाळूत उभा राहिला, की लागतो. तर्काला हे विचित्र वाटतं आणि वसंतात तर खटकतंच, कारण तेव्हा अनेक मासे विणीसाठी किनाऱ्याजवळ येतात आणि ऊन पडल्याने धक्क्यावर माणसंही वाढतात. मासा सर्वांत नाजूक अवस्थेत असताना दार सताड उघडं कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. माझं मत असं, की हे दार उघडंच राहिलं पाहिजे. माशाला जपायचं तर नियम माशाच्या जातीवर, मापावर, हंगामावर आणि गरीवर असावेत. धक्क्यावर यायला पैसे मागून मासा वाचत नाही, फक्त माणूस गळतो.

आधी वसंतात तिथे काय घडतं ते पाहू. वायव्येकडून वाहणारे वारे किनाऱ्यालगतचं वरचं पाणी खोल समुद्राकडे ढकलतात आणि त्या जागी तळाचं थंड, पोषक पाणी वर येतं. त्यावर प्लवक पोसतं, प्लवकावर अँकोव्ही आणि तारलीसारखी बारीक मासळी आणि तिच्या मागावर मोठे मासे. हलिबट हा चपटा मासा या दिवसांत उथळ, वाळूच्या तळाशी येतो. सर्फपर्च तर अंडी घालतच नाही, थेट पिल्लं देतो. त्याच्या अनेक माद्या वसंतात पोटुशा असतात. धक्क्याच्या खांबांवर शिंपले आणि शेवाळ धरतं, त्यामुळे खांब हेच माशांचं खाद्यालय होतं. म्हणजे वसंतातला धक्का खरोखर फळतो. पण धक्क्यावरून गरवणाऱ्याच्या हाती काय असतं? बोटवाला मासा शोधत जातो, धक्क्यावरचा माणूस मासा येईल म्हणून थांबतो. त्याला जागा बदलता येत नाही, कायद्याने दोनांहून जास्त काठ्या लावता येत नाहीत आणि कठड्याची लांबी ठरलेली असते. या मासेमारीला मर्यादा मुळातच आहे आणि ती लाकूड-काँक्रीटने घातलेली आहे.

पहिला आक्षेप अर्थातच विणीचा. तो खरा आहे, पण त्याचं उत्तर परवान्यात सापडत नाही. परवानाधारकाच्या गरीला लागलेली पोटुशी मादी काही कमी मरत नाही. उत्तर हंगामाच्या नियमात सापडतं आणि कॅलिफोर्नियात तो नियम आहेही. सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन पाब्लो उपसागरांत १ एप्रिल ते ३१ जुलै सर्फपर्च धरायला बंदी असते, अपवाद फक्त शायनर या छोट्या जातीचा. परवान्याची सूट असलेल्यालाही ही बंदी लागू आहे. हलिबट २२ इंचांहून लहान असेल तर पाण्यात परत सोडावा लागतो. सामन नदीत परतेनासा झाला तेव्हा २०२३ आणि २०२४ साली तिथल्या समुद्रातली सामनची मासेमारी पूर्ण बंद ठेवली गेली. त्यात मोठ्या बोटीही आल्या आणि धक्क्यावरच्या काठ्याही. या साऱ्या नियमांत माशाचं दुखणं ओळखून औषध दिलेलं आहे. आपल्या महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै पावसाळी बंदी असते, ती यांत्रिकी नौकांना. पारंपरिक बिगरयांत्रिकी नौका तिच्यातून वगळलेल्या आहेत. ज्याचा माशावर भार जास्त त्याच्यावर बंधन जास्त, हा शहाणपणा दोन्हीकडे एकच आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. परवान्याच्या पैशावर संवर्धन चालतं. मग धक्क्यावरच्याने फुकट का यावं? हा माणूस अगदीच फुकट येत नाही. अमेरिकेत १९५० च्या केंद्रीय कायद्यानुसार काठी, रीळ, गरी अशा सामानावर उत्पादकाकडून अबकारी कर घेतला जातो आणि तो पैसा मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांना वाटला जातो. नवी काठी घेणारा हा कर किमतीतूनच भरतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर इथे एक खोच आहे. राज्याचा वाटा ठरवताना पैसे भरून परवाना घेतलेल्यांची संख्या मोजली जाते, म्हणून बिनपरवान्याच्या माणसांमुळे राज्याचं थोडं नुकसान होतं. ते मान्य करूनही मी सवलतीच्याच बाजूने उभा राहीन. सार्वजनिक जमिनीवरून मासे धरण्याचा लोकांचा हक्क त्या राज्याच्या घटनेत १९१० पासून लिहिलेला आहे. बोट नसलेल्या, खाडीकाठी बंगला नसलेल्या माणसासाठी तो हक्क प्रत्यक्षात उतरण्याची जागा म्हणजे हा धक्का. सार्वजनिक ग्रंथालय तोट्यात आहे असं कोणी म्हणत नाही. तसाच हिशेब इथेही लावावा.

तिसरा आक्षेप शिस्तीचा. एका दोऱ्याला पाच-सहा गऱ्या लावून मासळीच्या थव्यात सोडतात, त्यांत पेलिकन अडकतो; तुटलेल्या दोऱ्या पक्ष्यांच्या पायांना आवळतात. हा दोष खरा आहे, पण तो सरंजामाचा आहे. फ्लोरिडात टँपा उपसागराच्या तोंडाशी स्कायवे पुलाचे जुने भाग मासेमारीचे धक्के म्हणून वापरले जातात. तिथे पक्षी अडकण्याच्या तक्रारी वाढल्यावर २०२३ मध्ये राज्याने हिवाळ्याच्या महिन्यांत अनेक गऱ्यांच्या दोऱ्यांवर बंधनं घातली आणि गळ टाकणाऱ्यांना दरवर्षी एक छोटा अभ्यासक्रम सक्तीचा केला. धक्के मात्र उघडे राहिले.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो माणसाच्या ताटाचा आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात टॉरन्स इथल्या कारखान्यातून डीडीटी गटारवाटे वर्षानुवर्षं समुद्रात गेलं आणि पालोस व्हर्डेसच्या उथळ तळात साचलं. १९७० साली अ‍ॅनाकापा बेटावर तपकिरी पेलिकनांची ५५२ घरटी होती आणि पिल्लू जगलं एक. त्या विषाने अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती. पेलिकन पुढे सावरले, तळातलं विष मात्र अजून आहे. म्हणून त्या टापूतल्या व्हाइट क्रोकर या तळच्या माशाबाबत सल्ला सरळ आहे: खाऊ नका. मग गरिबाला तो धरू तरी का द्यावा, असं विचारता येईल. पण धक्क्यावरून हाकललेला माणूस मासे खायचं थोडंच सोडतो? तो एखाद्या आडबाजूच्या खडकावर जाऊन बसेल आणि तिथे त्याला कोणीच काही सांगणार नाही. परवाना नसल्याने त्याचं नाव-पत्ता कुठल्या यादीत नाही; त्याच्यापर्यंत इशारा पोचवण्याची एकच खात्रीची जागा म्हणजे कठड्यावरचा फलक, तोही त्याच्या भाषेत.

उरतो तो खर्च आणि खरं संकट इथेच आहे. बर्कलीचा जुना धक्का २०१५ पासून धोकादायक म्हणून बंद आहे. जानेवारी २०२३ च्या वादळांनी सीक्लिफचा धक्का इतका मोडला की तो काढूनच टाकावा लागला. त्याच लाटांनी कॅपिटोलाचा धक्का मधोमध तोडला. तो दुरुस्त होऊन २०२४ मध्ये उघडला. सॅन डिएगोचा ओशन बीच धक्का १९६६ चा. तो आता दुरुस्तीपलीकडे गेला आहे. एवढा पैसा काठ्या टेकणाऱ्या लोकांसाठी कशाला, असं कोणी म्हणेल. तर पॅसिफिकाचा धक्का पाहा. १९७३ मध्ये तो बांधला गेला तो मुळात सांडपाण्याची नळी समुद्रात नेण्यासाठी. वरून चालायची आणि गळ टाकायची सोय झाली ती त्याच खर्चात. धक्का एका कामासाठी क्वचितच असतो. त्यावर फिरणारे, सूर्यास्त पाहणारे, बाबागाड्या ढकलणारे कितीतरी असतात. बिल मात्र फाडायचं असलं की सगळ्यांना गळवालाच दिसतो.

म्हणून सवलत टिकली आणि धक्का पडला, तर आपण काय राखलं याचा विचार व्हावा. धक्का बंद झाला की गळवाला घरी बसत नाही. काठी खांद्यावर टाकून तो पायऱ्या उतरतो आणि शेजारच्या वाळूत उभा राहतो. तिथे त्याला परवाना लागतो. एक ओळही न बदलता, कुठल्याही सभागृहात चर्चा न होता, गावातल्या हातावर पोट असलेल्या माणसावर ६० डॉलरांहून जास्त कर बसलेला असतो.