घड्याळाशी एकट्याने

घरातील दूरचित्रवाणी संचाला यंत्र जोडून मुले जे शर्यतींचे खेळ खेळतात, त्यांविषयी वडीलधाऱ्यांच्या दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक, त्यांत गोंगाट फार. आणि दुसरी, दुसऱ्याला ढकलून पुढे जाण्याची मुलांना गोडी लागते. ह्या तक्रारी अगदीच निराधार आहेत असे म्हणवत नाही. २००३ साली ‘प्लेस्टेशन २’साठी निघालेल्या ‘डाउनहिल डॉमिनेशन’ ह्या डोंगरी सायकलींच्या खेळात शेजारच्या स्वाराला ठोसे लगावून पाडणे हा पुढे जाण्याचा एक मान्य मार्गच होता. परंतु डोंगरावरून सायकलीने उतरण्याचाच असाही एक खेळ आहे की, ज्यात ढकलावयास कोणी नाही आणि गोंगाटही नाही. ह्या वेळी त्याचा परिचय करून द्यावयाचे योजिले आहे.

‘लोन्ली माउंटन्स : डाउनहिल’ हे त्याचे नाव. बर्लिन येथील ‘मेगागॉन इंडस्ट्रीज’ ह्या लहानशा मंडळीने तो तयार केला. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘प्लेस्टेशन ४’ व ‘एक्सबॉक्स वन’ ह्या यंत्रांसाठी तो निघाला, आणि मे २०२० मध्ये ‘निन्टेन्डो स्विच’वरही आला. चार पर्वत, प्रत्येकावर चार वाटा, आणि एकच स्वार. उतरताना संगीत नाही. पाखरांचा आवाज, पाण्याची खळखळ आणि चाकांखाली खडी सरकल्याची करकर एवढेच कानी पडते. संभाषण तर मुळीच नाही. भाषांतराचा व्यवसाय करणाराला येथे काही काम उरलेले नाही, आणि म्हणूनच इंग्रजी न जाणणारी आजीही नातवाजवळ बसून सारे समजू शकते.

मात्र खेळ सौम्य दिसतो तितका सोपा नाही. प्रत्येक वाटेवर प्रथम घड्याळ न लावता फक्त तळाला पोहोचावयाचे असते. ते जमले की ठरावीक वेळात उतरा, ठरावीक संख्येहून कमी वेळा पडा, अशा अटी येतात; त्या पुऱ्या केल्यास नव्या सायकलीचे सुटे भाग मिळतात. इंग्रजीतील ‘डाउनहिल’ला आपला ‘उतार’ हा शब्द पुरेसा आहे. पण तापाला उतार पडला म्हणजे ताप कमी होतो, येथे उतार पडला की वेग वाढतो! वळणाच्या तोंडाशी ब्रेक दाबणारा हमखास झाडावर आदळतो. वळण दिसण्यापूर्वीच ब्रेक दाबून, वळणात शिरताना तो सोडावयाचा, ही गोष्ट कोणी न सांगता पंधरा-वीस वेळा पडल्यावर हाताला उमगते.

ह्या खेळाचे मर्म मला वाटते ते आणखी निराळेच. आखलेली वाट सोडण्याची येथे पूर्ण मुभा आहे. नागमोडी वाट सोडून कड्यावरून थेट खालच्या वळणावर उडी घेता येते. ओढा ओलांडून वेळ वाचविता येतो. कोणती जोखीम घ्यावयाची आणि कोणती नाही, हा निर्णय सर्वस्वी खेळणाराचा. चुकल्यास दोष द्यावयास दुसरा स्वार नसतो. भावंडांच्या भांडणांत ज्या घरांचा रविवार जातो, त्यांना ह्या गोष्टीचे मोल अधिक सांगावयास नको.

ही एकट्याची शर्यत बर्लिनच्या मंडळींच्या कल्पनेतून प्रथमच निघाली असे मात्र नव्हे. डोंगरी सायकलींच्या उताराच्या शर्यतींचा उगमच तसा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या, वजनदार सायकली घेऊन पहिली शर्यत लावली. दोन मैलांहून थोडी अधिक लांबीची ती कच्ची वाट सुमारे १,३०० फूट खाली उतरते. सर्वांनी एकदम न निघता एकेकाने, मध्ये काही वेळ सोडून निघावयाचे आणि घड्याळाने ज्याचा त्याचा वेळ मोजावयाचा, असा नियम होता. पेडल उलटे दाबून लागणारा मागील चाकाचा ब्रेक उतारावर इतका तापे की, तुंब्यातील ग्रीस जळून धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर नवे ग्रीस भरावे लागे. ह्या ‘पुन्हा भरण्या’वरूनच त्या वाटेला ‘रीपॅक’ हे नाव पडले. गॅरी फिशर ह्यांचा तेथील ४ मिनिटे २२ सेकंदांचा विक्रम प्रसिद्ध आहे. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये डोंगरी सायकलींना स्थान मिळाले, परंतु ते चढ-उतार मिळून होणाऱ्या शर्यतीला. निव्वळ उताराच्या शर्यतीला नव्हे.

फिशर ह्यांची सायकल तापत असे, आणि पडले तर गुडघे सोलवटत. पडद्यावरील स्वार पडतो, क्षणार्धात मागील खुणेपाशी पुन्हा उभा राहतो. पडण्याची भीती नाहीशी होणे हा खेळाचा गुण खरा, पण हीच भीती मुलाच्या मनातून खऱ्या रस्त्यावरही नाहीशी होईल काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. खेळात एक बटण दाबले की सायकल थांबते. खऱ्या सायकलीवर वेग आवरण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, आणि उतारावर तोच एकदम आवळला तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. दोन्ही ब्रेक हळूहळू लावणे, अंग मागे सारणे, सैल मातीत पुढचे चाक मोकळे ठेवणे, ह्यांतले काहीही बोटांना बटणावरून कळत नाही. तेव्हा ज्या मुलाने सोळाही वाटा पार केल्या आहेत, त्याला गावाबाहेरच्या टेकडीवर नेताना प्रथम शिरस्त्राण द्यावे, ब्रेकच्या तारा तपासाव्यात, आणि पहिल्या उतरणीला त्याच्यापुढे आपण चालावे.

याच खेळाची पुढची आवृत्ती ‘स्नो रायडर्स’ जानेवारी २०२५ मध्ये निघाली. तीत सायकलीऐवजी बर्फावरील स्की आहेत, आणि आठ जणांपर्यंत एकत्र खेळता येते. ज्यांना सोबत हवी त्यांना ती आवडेल. मला स्वतःला जुनीच अधिक भावते. तिच्यात वाटेपासून दूर, झाडांच्या आड काही विश्रांतीच्या जागा दडविलेल्या आहेत. तेथे पोहोचल्यावर स्वार सायकलीवरून उतरतो आणि समोरचा डोंगर पाहत बसतो. त्या जागा अतिवेगाने जाणाराला सापडत नाहीत. घरातील धाकट्यांना मात्र त्या बहुधा आधी सापडतात.