जुन्या ग्राफिक्स कार्डला नवा कूलर: महागाईत हा जुगाड परवडतो का?

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमच्या किमती भडकल्यात. त्याची झळ नवा मोबाइल घेणाऱ्यांनाही बसतेय आणि पीसी बांधणाऱ्यांनाही. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात आणि सध्या त्यांचा ओढा एआय डेटा सेंटरकडे आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशियल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डवरची मेमरीही याच तिघांकडून येते.

साहजिकच अनेकजण जुनंच कार्ड आणखी दोन-तीन वर्षं ओढायच्या विचारात आहेत. काहीजण सेकंड हँड बाजारात बघतायत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची जीपीयूवरची मायनिंग बंद झाली आणि दिवसरात्र तापलेली बरीच कार्डं बाजारात आली. अशी कार्डं तापतात, पंखे घरघर करतात. मग प्रश्न येतो, वेगळा एअर कूलर घेऊन बसवला तर?

कूलर म्हणजे घरातला कूलर नव्हे

घरातला कूलर पाण्याचं बाष्पीभवन करून हवाच थंड करतो. ग्राफिक्स कार्डचा कूलर तसं काही करत नाही. तो चिपची उष्णता तांब्याच्या हीटपाइपमधून ॲल्युमिनियमच्या पात्यांपर्यंत नेतो आणि पंखा ती खोलीतल्या हवेत सोडतो. म्हणजे चिप कधीच खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही.

ढोबळ हिशोब असा: तुमचं कार्ड गेम खेळताना खोलीपेक्षा ४५ अंश जास्त तापत असेल, तर डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत ते ७० वर राहील. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात खोलीच ४२ वर गेली, तर तेच कार्ड ८७ वर जाईल. आरटीएक्स ३०८० ची मर्यादा ९३ अंश आहे. तिच्या जवळ गेलं की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. उन्हात गेम खेळताना फोन अडखळतो ना, अगदी तसंच.

वेगळे कूलर गेले कुठे?

दहाएक वर्षांपूर्वी आर्क्टिकचा ॲक्सेलेरो एक्स्ट्रीम आणि रायजिनटेकचा मॉर्फियस हे कूलर पीसीवाल्यांत चांगलेच लोकप्रिय होते. आज असे पर्याय शोधावे लागतात. याची कारणं कार्डांच्या बदललेल्या रचनेत आहेत.

पहिलं, वीज. २०१६ चं जीटीएक्स १०८० हे १८० वॉटचं कार्ड होतं. आरटीएक्स ५०९० तब्बल ५७५ वॉटचं आहे. इतकी उष्णता काढायला कंपन्या आता स्वतःच तीन पंख्यांचे अवजड कूलर देतात, त्यामुळे बाहेरच्या कूलरला सुधारणेची जागाच कमी उरली. दुसरं, स्क्रूच्या छिद्रांमधलं अंतर आणि मेमरीची मांडणी प्रत्येक कार्डात वेगळी. प्रोसेसरच्या कूलरसारखं 'एक घ्या, कुठेही बसवा' इथे चालत नाही. तिसरं, तापते ती फक्त मुख्य चिप नाही. मेमरी आणि वीज पुरवणारे भाग, म्हणजे व्हीआरएम, हेही तापतात. मूळ कूलर या सगळ्यांना टेकलेला असतो. बाहेरच्या कूलरसोबत त्यांच्यावर छोटे हीटसिंक वेगळे चिकटवावे लागतात. तिथे चूक झाली तर मुख्य चिप ६० अंशांवर दिसेल आणि बाजूला व्हीआरएम जळत असेल.

आधी दुखणं ओळखा

खर्च करण्याआधी या चाचण्या करा, सगळ्या फुकट आहेत:

- कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून अर्धा तास गेम खेळा. तापमान ८-१० अंशांनी उतरलं, तर दोष कॅबिनेटमधल्या हवेचा आहे. एक-दोन साधे पंखे लावा, काम होईल.
- एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. उष्णता लक्षणीय घटते आणि वेग त्या मानाने थोडाच कमी होतो.
- कार्डचे पंखे १०० टक्क्यांवर ठेवूनही तापमान चढतंय? मग बहुधा पेस्ट वाळली आहे किंवा थर्मल पॅड गेले आहेत. ते बदलणं नव्या कूलरपेक्षा खूप स्वस्त पडतं.
- तापमान ठीक आहे, फक्त आवाज येतोय? मग पंखा बदला. हीटसिंक तोच राहू दे.

शेवटच्या दुखण्यावर 'डीश्राउड' हा मधला मार्गही आहे. मूळ हीटसिंक ठेवायचा, प्लास्टिकचं आवरण आणि छोटे पंखे काढायचे आणि त्या जागी १२० मिलिमीटरचे दोन साधे पंखे झिप टायने बांधायचे. मोठा पंखा कमी वेगात तेवढीच हवा ढकलतो, म्हणून आवाज कमी. पंखे मदरबोर्डला जोडले तर ते सहसा प्रोसेसरच्या तापमानावर फिरतात. 'फॅन कंट्रोल' या मोफत सॉफ्टवेअरने ते जीपीयूच्या तापमानाशी जोडून घ्या.

कार्ड उघडायचंच असेल तर

प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, जीपीयूची चिप मात्र उघडी असते. कूलर तिरका दाबला गेला तर तिचा कोपरा उडू शकतो. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. पॅडची जाडी मूळच्या इतकीच हवी. एक मिलिमीटरच्या जागी दोनचा घातला, तर कूलर चिपला नीट टेकतच नाही. आणि लिक्विड मेटलच्या वाटेला जाऊ नका; ते वीज वाहून नेतं आणि ॲल्युमिनियम खातं.

वॉरंटी चालू असेल तर स्क्रूवरचं स्टिकर फोडण्याआधी अटी वाचा. अमेरिकेत तिथल्या एफटीसीने २०१८ मध्ये अशा स्टिकरवरून कंपन्यांना इशारा दिला होता. आपल्याकडे केंद्राने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पण त्या भरवशावर स्टिकर फोडू नका.

मग घ्यायचा की नाही?

जीटीएक्स १० मालिकेच्या कार्डावर महागडा कूलर नको. एनव्हिडियाने या मालिकेचे नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलेत, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षा अपडेट मिळतील. इथे पेस्ट आणि पंखा पुरे. आरटीएक्स ३० मालिकेचं, वॉरंटी संपलेलं कार्ड असेल, तर आधी पेस्ट-पॅड, मग डीश्राउड. पूर्ण कूलर फक्त तेव्हाच, जेव्हा मूळ हीटसिंकच फालतू आहे आणि तुमच्या नेमक्या मॉडेलचं नाव कूलरच्या यादीत आहे.

नवं कार्ड महाग झालं म्हणून जुन्यावर वाटेल तितका पैसा ओतण्यात अर्थ नाही. बहुतेकांचं काम पेस्टच्या एका ट्यूबमध्ये आणि रविवारच्या एका दुपारीत होऊन जाईल.