रुळांच्या गावाला गाडी हवी
अमेरिकेच्या दक्षिणेतलं, टेनेसी नदीकाठचं चॅटनूगा रेल्वेच्या जिवावर वाढलं. १९०९ साली उभारलेलं तिथलं देखणं टर्मिनल स्टेशन १९७० मध्ये प्रवाशांसाठी बंद झालं. पाडापाडी टळली, १९७३ मध्ये तिथे हॉटेल सुरू झालं, म्हणून तो भव्य घुमट आजही डोळे भरून पाहता येतो. २०१० मध्ये शहराच्या मालकीच्या वीजकंपनीनं एक गिगाबिटचं इंटरनेट घरोघरी देऊ केलं, पुढच्या वर्षी फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. माणसं येत राहिली, घरभाडी चढली. शहराची ही वाढ मला मनापासून हवी आहे. पण अटलांटा जेमतेम १९० किलोमीटरवर, रुळांवरून मालगाड्या धावतात, आणि माणसांनी मात्र मोटारी काढून महामार्गावर ताटकळायचं? आणखी रस्ते रुंद करण्याआधी इथे प्रवासी गाडी परत आणली पाहिजे.