मोजमाप आपल्या गोठ्यात हवे!



दूध केंद्रावर फॅटचे यंत्र बसले, ते दर ठरवायला. गाय आजारी आहे का, हे सांगणारे साधन आपल्या गोठ्यात अजून नाही. माण-खटावात, जत-आटपाडीत पाऊस हुकला, ज्वारी-बाजरी गेली, की चूल दुधावर पेटते. नेमकी तिथेच छुपी दगडी घाव घालते. कास सुजत नाही, दूध स्वच्छ दिसते, पण धार आटत जाते.

अशा दुधात मीठ वाढते, त्यातून वीज जास्त वाहते. ती मोजणारे खिशात मावणारे मीटर आता मिळतात. निरोगी गाईंतही आकडा कमीजास्त असतो, म्हणून चारही सडांचे आकडे एकमेकांशी ताडावेत. मीटर नसेल तर धुण्याची पावडर आहेच! 100 मिलि पाण्यात 3 ग्रॅम. सडागणिक दूध वेगळ्या वाटीत, तेवढेच द्रावण, हलवा. दूध घट्ट, चिकट झाले तर तो सड संशयाचा. डॉक्टरला दाखवा, मनाने सुई टोचू नका. 1957 सालच्या कॅलिफोर्निया चाचणीचे तत्त्व हेच.

दूध संघांनी केंद्रावर मीटर जरूर ठेवावेत. मात्र आकडा आधी शेतकऱ्याच्या हातात पडावा. त्यावरून दर कापाल, तर मीटर आम्हाला नको.