साठीनंतरची परीक्षा

गेल्या महिन्यात एसटीतून निवृत्त झालेले एक काका दवाखान्यात आले. सोबत मुलगा. तक्रार मुलाचीच होती. "डॉक्टर, तुम्हीच समजवा यांना. बी. पी. आहे, शुगर आहे आणि आता बी. ए. करायला निघालेत!" काका गप्प होते. रक्तदाब तपासला, आटोक्यात होता.

पूर्वी मी मुलाचीच बाजू घेतली असती. एकदा घेतलीही होती. एका निवृत्त तलाठ्यांना "आता कशाला डोक्याला ताप?" असे सांगून मी परत पाठवले. त्यांनी अर्ज भरला नाही. पुढे वर्षभर ते झोप येत नाही, भूक लागत नाही म्हणून येत राहिले. मी गोळ्या लिहून देत राहिलो. ती चूक मला आजही टोचते.

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. तेव्हापासून घरी बसून, मराठीतून पदवी घेण्याची सोय आपल्याकडे आहे. बिहारमध्ये राजकुमार वैश्य यांनी तर २०१७ साली, वयाची पंच्याण्णवी ओलांडल्यावर, नालंदा मुक्त विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम. ए. केले. मग साठीच्या माणसाला आपण का अडवायचे?

पदवी घेतली की विस्मरणाचा आजार टळतो, असे मात्र मी म्हणणार नाही. लहानपणी शिकलेल्यांत तो कमी आढळतो. उतारवयातल्या शिक्षणाबद्दल तितक्या खात्रीने बोलता येत नाही. पण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ साली या आजाराची टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत कमी ऐकू येणे, कमी दिसणे आणि एकटेपणा हीही आहेत. एरवी आमचे आजोबा मोतीबिंदू वर्षानुवर्षे अंगावर काढतात. अभ्यासाला बसलेला माणूस मात्र आपणहून डोळे तपासून घेतो, आणि अभ्यासकेंद्रात चार माणसांत मिसळतो.

काळजी घ्यायची ती परीक्षेच्या दिवशी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, घाईत न खाता केंद्रावर गेलात तर पेपर लिहिताना साखर उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, सुचेनासे होते, आणि बाकीच्यांना वाटते म्हातारा घाबरला. खिशात साखर ठेवा, पर्यवेक्षकांना आधीच सांगून ठेवा. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी तोडू नका. लघवीची गोळी सकाळी घेत असाल तर वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा, स्वतःच बंद करू नका. आणि रात्री चहा पिऊन जागरण नको, पहाटे वाचा.

काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेची तारीख आम्ही परीक्षेच्या आधीची धरली आहे. मुलाला सांगितले, "वडिलांना बी. ए. सोडायला नको, एक चांगला टेबल-लॅम्प आण."